दोन रकाने

मंगळवार, ४ मार्च
धाकट्याला नेलं एकदाचं आजाराच्या वर्गाला. दवाखान्याची मागची खोली, बारा प्लास्टिकच्या खुर्च्या. स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, गोळी कशी काम करते — वर्ग घेणाऱ्या बाई छान समजावतात. एका निवृत्त कारकुनाने विचारलं, "गोळी किती दिवस?" बाई म्हणाल्या, "चष्मा किती दिवस लावता?" "हरवेपर्यंत." धाकटाही हसला! किती वर्षांनी.

घरी आल्यावर नेहमीसारखी त्याची गोळी दोन चमच्यांत चिरडली आणि चहात टाकली. दीड वर्ष हेच चाललंय. त्यानेच तर जरा सावरलाय. गोळी हातात धरत नाही, मी तरी काय करू?

शुक्रवार, ७ मार्च
साखर कितीही घाला, कडवटपणा उरतोच.

मंगळवार, ११ मार्च
बाईंनी वहीत दोन रकाने पाडायला लावले. डावीकडे — आजारामुळे वाटतं ते. उजवीकडे — खरं आहे ते. धाकट्याने उभं राहून डावा रकाना वाचला. शेजारी भिंतीतून माझं बोलणं ऐकतात. बातम्या देणारी बाई मला खुणा करते. ताई चहात काहीतरी मिसळते.

मग माझ्याकडे वळला. "उगाच संशय घेतला गं तुझ्यावर. माफ कर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बुधवार, १२ मार्च
आज स्वतःहून गोळी मागितली. पाण्याबरोबर घेतली. मी चहात काही घातलं नाही. एक घोट घेऊन म्हणाला, "आज चव वेगळीय." म्हटलं, पावडर बदलली. पुन्हा खोटं.

शनिवार, १५ मार्च
रोज कप हुंगतो. मगच पितो. बाईंना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मंगळवारी माझ्यासमोर सांगा. एकटीने नको." तोवर मला दम निघेल का?

रविवार, १६ मार्च
नाही निघाला. सांगून टाकलं. त्याने एवढंच विचारलं, "कधीपासून?" "दीड वर्ष." मान हलवली आणि वही घेऊन खोलीत गेला. रडलाही नाही, चिडलाही नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १७ मार्च
सकाळची गोळी ग्लासाशेजारी तशीच आहे. वही टेबलावर उघडी. चहाचं वाक्य उजवीकडे नेलंय — ते बरोबरच. भिंतीतले शेजारीही उजवीकडे. बातम्यांची बाईही.

डावा रकाना कोरा आहे.