एकोणीस मिनिटं

गुरुवार, ९ मार्च

मामा,

सादर नमस्कार. तुमचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईल. घोट्याची सूज उतरली हे वाचलं. काठी मात्र एवढ्यात सोडू नका, पायऱ्या उतरताना तर नाहीच.

आई ठीक आहे. तिच्या नव्या दुकानात सध्या कोटांच्या दुरुस्तीची गर्दी आहे, त्यामुळे संध्याकाळी बोटांना सुया टोचून घेऊन घरी येते. मीही ठीक आहे. तुम्ही विचारलंत, ‘ससुले, रस्त्यावरचे फोटो काढतेस की घाबरून सोडलंस?’ सोडलं नाही. उलट बरीच सुधारले आहे. आधी तेच सांगते. आईच्या सहीच्या कागदाकडे नंतर येते.

लहानपणी तुम्ही मला स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापायला बसवायचात आणि रविवारी रस्त्यावर न्यायचात. कॅमेऱ्याचं जे काही मला येतं ते सगळं तुमचं. ‘आधी भिंत शोध, माणूस आपोआप येतो.’ ‘चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघ. थांबणार की वळणार, ते पाय आधी सांगतात.’ हे कळायचं. जमायचं नाही ते पुढचं. बटण दाबलं की माझे कान गरम व्हायचे आणि मी त्या माणसाकडे जाऊन माफी मागायचे. फळवाली म्हणाली होती, ‘माफी कसली मागतेस? केस तरी विंचरू द्यायचेस!’ तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, ‘तू फोटोग्राफर नाहीस गं, पोस्टमन आहेस. दारोदार जाऊन पोचपावती घेतेस.’

आता माफी मागत नाही. एकाच कोपऱ्यावर रोज तासभर उभी राहते. पहिले चार दिवस लोक बघतात, पाचव्या दिवशी मी त्यांच्या लेखी विजेचा खांब होते. कॅमेरा छातीशी, आवाज बंद, नजर भलतीकडेच. अंतर आधीच पावलांनी मोजून ठेवते, म्हणजे ऐन वेळी हात चाचपडत नाहीत. तिथल्या न्हाव्यानं एकदा विचारलं, ‘बाई, रोज कोणाची वाट बघता?’ मी म्हटलं, ‘मामांची.’ खरं तेच सांगितलं. तो कोपरा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, पोस्टासमोर.

का, ते तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीपासून लिहिते. क्रम सुटला की मला काही सांगता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी आईच्या जुन्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटातलं सोनेरी पेन सापडेना. मालकानं सगळ्यांसमोर आईला तिची पिशवी काउंटरवर उपडी करायला लावली. काही निघालं नाही. पेन दोन दिवसांनी कोटाच्या अस्तरात सापडलं. पण त्या दुपारी आई रिकामी पिशवी घेऊन बाहेर आली, पायरीवर बसली आणि रडली. तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर होतात. पुढचं तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता. ‘एक क्षण दिसला, हात आपोआप चालला, आणि मग कॅमेरा गळ्यात तसाच टाकून मी बहिणीकडे धावलो.’

‘रिकामी पिशवी’ला बक्षीस मिळालं. आईला तो फोटो कधीच आवडला नाही. रडताना आपलं तोंड कसं होतं ते अख्ख्या शहराला कळलं म्हणायची. पण लगेच जोडायची, ‘दादा धावत आला गं, तेवढं खरं.’ त्या एका वाक्यावर तिनं सहा वर्षं तुम्हाला शब्दानं दुखवलं नाही.

ऑगस्टमध्ये तुम्ही पुस्तकासाठी जुने फोटो लावायला मला बसवलंत. त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये एक फोटो नव्हता, बारा होते. पहिला चार वाजून दहा मिनिटांनी काढलेला. बारावा चार एकोणतीसला.

मला वाटलं, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल. तुमच्यावर उगाच आळ यायला नको म्हणून तीन आठवडे तपासत बसले. पाचव्या फोटोत आईच्या मागे औषधाच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ दिसतं. त्यात चार सोळा, कॅमेऱ्यातही चार सोळा. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मध्ये तुम्ही लेन्स बदललीत. म्हणजे बॅग खाली ठेवलीत, एक लेन्स काढलीत, दुसरी बसवलीत. सातव्यात आई मान वर करून बघते आहे, ओळखीचं कोणी दिसतं का म्हणून. बक्षीस मिळालं तो नववा.

एकोणीस मिनिटं, मामा.

तेव्हापासून मला तुमचा तसा एक फोटो हवा होता. बाकी कशासाठीही मी त्या कोपऱ्यावर उभी राहिले नाही.

सोळा फेब्रुवारीला दुपारी तीनला तुम्ही पोस्टाच्या पायरीवरून पडलात. पाकिटं विखुरली, चष्मा गटाराच्या जाळीपर्यंत गेला. मी रस्त्याच्या या बाजूला होते, बत्तीस पावलांवर. पहिल्या फोटोत तुम्ही हातानं जमीन चाचपता आहात. चौथ्यात एक बाई तुम्हाला वळसा घालून पुढे जाते आहे. सहाव्यात तुम्ही फोन कानाला लावला आहे. त्याच वेळी माझा फोन खिशात थरथरत होता. मी बाहेर काढून नाव वाचलं, परत ठेवला आणि सातवा फोटो काढला. हात हलला नाही. कान गरम झाले नाहीत.

अकरा मिनिटांनी पेपरवाल्यानं तुम्हाला उठवलं. संध्याकाळी मी बँडेज घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘नेमकी तू जवळपास असतीस तर!’ मी म्हटलं, फोन ऐकू आला नाही. एवढं एकच खोटं बोलले. बाकी सगळ्याला तारीख आणि वेळ आहे.

अकरा मिनिटं. तुमच्यापेक्षा आठ कमी. सुधारायला अजून वाव आहे.

आता सहीचा कागद. तुम्ही लिहिलंत, ‘मुखपृष्ठावर तोच फोटो ठरलाय, परवानगीच्या कागदावर आईची सही तेवढी घेऊन टाक. तिला फार काही सांगत बसू नकोस, उगाच मनाला लावून घेते.’

मी सांगत बसले. ‘दादा धावत आला’ हे वाक्य तिच्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार, हा विचार मी सहा महिने केला. तुमचं ते ‘उगाच’ वाचलं आणि विचार संपला. रविवारी सकाळी बाराही फोटो टेबलावर ओळीनं मांडले. त्यांच्याखाली मी काढलेले तुमचे सात.

ती सातव्यापाशी बराच वेळ थांबली. “मी तर ह्याच्याकडेच बघतेय,” म्हणाली. “ऊन डोळ्यांवर होतं, म्हणून दिसला नसेल.” मग विचारलं, “लेन्स बदलायला किती वेळ लागतो गं?”

“मिनिटभर.”

“आणि तेवढ्यात मी उठून गेले असते तर?”

“तर फोटो गेला असता.”

“हां,” ती म्हणाली. “म्हणून बसू दिलं.”

रडली नाही. मग खालची ओळ पाहिली. तुमचा फोनचा फोटो उचलून म्हणाली, “हा कोणाला फोन करतोय?”

मी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ‘मीठ दे.’ ‘दार लाव.’ काल मात्र भांडी पुसता पुसता म्हणाली, “त्यानं निदान शेवटी रस्ता ओलांडला.” माझ्याकडे न बघता. हेही तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहिते आहे. लपवलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक राहणार नाही. आधीच फार राहिलेला नाही.

सही तिनं केली आहे. कागद सोबत आहे. पण तुमच्या छापील मजकुराखाली तिनं स्वतःच्या अक्षरात जे लिहिलंय ते नीट वाचा: ‘छापायचे तर बाराही फोटो छापावेत, ओळीनं, प्रत्येकाखाली वेळ घालून. एकटा नववा छापायला माझी परवानगी नाही.’ त्यातला एकही शब्द माझा नाही. खात्री करायची तर तिला विचारा, तेवढी हिंमत असेल तर.

तुमचे सात फोटो मी पुसणार नाही, कुठे देणारही नाही. त्यांत मीही आहे, दिसत नसले तरी, आणि ते चारचौघांत दाखवायची माझी छाती नाही. तुमच्या बारांत तुम्ही आहात. ते मात्र सगळ्यांनी एकदा सावकाश पाहावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तक बुधवारी छापायला जायचंय ना? अकरा पानं वाढतील. का वाढली, ते प्रकाशकाला तुम्हीच सांगा. तुम्हाला भाषणांची सवय आहे.

नात्यापुरती तुमची,
भाची