न सुटणारा झोका

लिहून ठेवते मी, श्रीमती विजयमाला महिपती शिंगटे, वय सत्तरीच्या उंबऱ्यावर, निवृत्त शाळा-लिपिक, राहणार जुळे सोलापूर, अशी की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण तर नको तितके शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भूलथापेने करत नाही. मला धाक दाखवणारे तिघे झाले. एक वारले, एकाचे हाड मी मोडले, तिसऱ्याचे शेवटी सांगते. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे मी सांगते आहे आणि दुसरे माणूस लिहिते आहे. त्याचे नावही शेवटीच येईल.

आमच्या वकीलबाई पद्मजाताई यांनी कच्चा मसुदा वाचून निम्मा मजकूर तांबड्या शाईने खोडला. म्हणाल्या, एवढे सगळे मृत्युपत्रात लागत नाही. मी तो परत घातला. जन्मभर दुसऱ्यांचे दाखले आणि अर्ज सुबक करून दिले, एक कागद माझ्या मनासारखा होऊ दे.

हा कागद एकाच कारणासाठी आहे. मी गेल्यावर माझी मुलगी चेतना आणि माझी सून उत्कर्षा यांना या घरातून, आणि परसातल्या झोक्यावरून, कोणी ओढून नेऊ नये.

कलम १. घर. जुळे सोलापुरातील राहते घर आणि मागचे परस माझ्या पगारातून घेतलेले, माझ्या एकटीच्या नावावर, स्वकष्टार्जित आहे. माझे यजमान कै. महिपती यांचा त्यात काही वाटा नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला एक खोक पडली आहे, तेवढी त्यांची. त्यांनी माझे डोके त्या चौकटीवर आपटले होते. सागवानी चौकटीला खोक पडली, त्यावरून डोके कसले असेल ते वारसांनी समजून घ्यावे. हे घर आणि परस माझ्या पश्चात चेतना आणि उत्कर्षा यांना समान हिश्शाने मिळेल. उत्कर्षाला ते माझ्या मुलाची बायको म्हणून देत नाही, उत्कर्षा म्हणून देते. उद्या तिने माझ्या मुलाला सोडले तरी तिचा हिस्सा तिच्याकडेच राहील. दोघींपैकी एकीला जरी या छपराची गरज असेल तरी घर विकू नये आणि बिल्डरला दारात उभे करू नये.

कलम २. झोका. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण भांडण यावरूनच होणार आहे.

माझे माहेर करकंबचे. दारात लिंब होता आणि नागपंचमीला त्याला दोर टाकून झोका बांधत. लग्नानंतर एका पंचमीला मी समोरचा दात पडलेला, ओठ फाटलेला अशी माहेरी गेले. आईला म्हटले, पडले. आपल्याकडे बाई नेहमी पडते, तिला कुणी पाडत नाही. आईला कळले होते, तिने मला झोक्यावर बसवले आणि स्वतः मागून ढकलत राहिली. सण झाला तरी मी परत जाईना. तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, आण्णाने, माझ्यादेखत लिंबावर चढून दोर सोडला, गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. म्हणाला, "विजे, लई झालं की आता. हितं किती दिस ऱ्हाणार? गप नांदायला जा."

घरात सुख नांदते, शांती नांदते आणि बाईही नांदते म्हणतात. पहिल्या दोघांना मार पडत नाही एवढाच फरक. मी गेले. महिपतींनी दारातच कमरेचा पट्टा सोडला होता.

पण त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. दोराचा झोका कुणालाही सोडता येतो. माझ्या लेकीचा झोका सुटणार नाही असा करायचा.

पैसा आणि सवड व्हायला निवृत्ती उजाडली. शेवटी परवाच्या उन्हाळ्यात मी तो केला. एका जुन्या गिरणीच्या उतरवलेल्या छपराचे सागवान आणले. सुतार कोंडीबा यांनी दोन बाजूंना दोन-दोन खांब तिरके जोडून कैच्या उभ्या केल्या आणि वर जाड तुळई टाकली. खिळा एकही मारू दिला नाही. प्रत्येक सांध्याला दोन्ही अंगांनी जाड लोखंडी ब्रॅकेट, आरपार भोक, आरपार बोल्ट. भोके पाडायचे गिरमिट मी स्वतः फिरवले, तळहाताला फोड आले तेव्हाच थांबले. खांबांच्या पोटात खाच पाडून जमिनीतल्या काँक्रीटपासून गुडघ्याच्या वरपर्यंत लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि वरून लाकडाची पातळ फळी चिकटवून रंग दिला, म्हणजे बसणाऱ्यांच्या पायांना लोखंड खरचटू नये. सगळे नट आवळल्यावर मी बोल्टची टोके हातोड्याने ठोकून चपटी करायला लावली. आता पाना लावला तरी नट फिरत नाही. कोंडीबा घाम पुसत म्हणाले, "बाई, ह्यो झोका हाय का विजेचा खांब?"

महिपतींचा तो पट्टा मी जपून ठेवला होता. त्याचे तुकडे करून वरच्या कड्या आणि लाकूड यांच्यामध्ये घातले आहेत, म्हणजे झोका करकरत नाही. त्यांच्या हयातीत त्या पट्ट्याने घरात आवाजच केला, आता तो आवाज दाबतो आहे.

बसायला फळ्या दोन लावल्या. कोंडीबांनी विचारले, "दोन कशाला? लेक तर एकच हाय की." मी म्हटले, लावा. उत्कर्षा आतून ऐकत होती. तिच्या मानेवर ओढणी होती, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातल्या घरात मानेला ओढणी कोणी गुंडाळत नाही. तिचे आईवडील गेलेले, अक्कलकोटच्या काकांनी लग्न लावून दिले. एकदा फरशी पुसता पुसता ती म्हणाली होती, "आत्या, मला कुठं माहेर हाय? काका म्हणतेत, एक वझं उतरलं." दुसरी फळी तिची आहे. हे मी तेव्हा कोणाला सांगितले नव्हते, आता कायद्याने सांगते.

कलम ३. जावई अमृत. यांचे मंगळवेढ्यात दुकान आहे. त्यांना माझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकण्याचा हक्क नाही. पद्मजाताई म्हणतात, असे कलम टिकत नाही. टिकेल तितके टिको.

यंदाच्या नागपंचमीला चेतना आली ती मनगटावर निळे वळ घेऊन. म्हणाली, "लागलं गं आई, काही नाही." मी तिला झोक्यावर बसवले, शेजारी उत्कर्षाला बसवले. दिंडं वाफेवर ठेवलेली होती. दोघी उंच जात होत्या, आणि चेतना माझ्यासमोर कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसली. तेवढ्यात अमृत आला. "चल, गाडीत बस. झोके घ्यायला तू काय पोर हायस का?" म्हणत त्याने चालत्या झोक्यावरून तिला वेणीला धरून खाली ओढले. ती तोंडावर आपटली. तो तिला फाटकाकडे फरफटत नेऊ लागला. केसांचा एक पुंजका त्याच्या मुठीत राहिला, मुळाशी रक्तासकट.

बोल्ट आवळायचा मोठा पाना ओसरीतच होता. मी तो त्याच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज आला आणि तो आवाज मला गोड वाटला, हेही लिहा. तो गुडघ्यावर बसला. दुसरा वार डोक्यावर जाणार होता, पण शेजारच्या गुरम्मा भिंतीवरून ओरडल्या, "साकु, बाई, साकु," म्हणजे पुरे. म्हणून मी पाना खाली केला.

पोलीस आले. हवालदार चांगल्या स्वभावाचे होते, त्यांनी जबाबात लिहिले, "झटापटीत हाड मोडले." मी म्हटले, साहेब, हाड आपोआप मोडत नाही. "मी मोडले" असे लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तसे लिहिले. पाना मुद्देमाल म्हणून जप्त आहे. खटला संपल्यावर तो चेतनाला द्यावा.

कलम ४. मुलगा आशिष. पोलिसांची जीप अमृतला दवाखान्यात घेऊन गेली तशी आशिषने ओसरीतून करवत घेतली. नागपंचमीला घरात भाजीसुद्धा चिरत नाहीत, आणि हा करवत घेऊन परसात. "दाजीला मारलंस, पोलीस आले, माझ्या ऑफिसात कळलं म्हणजे? झोकाच न्हाई राहिला तर ती येती कशाला?" असे म्हणत तो गुडघ्याच्या उंचीवर खांब कापू लागला. वरचे लाकूड सुटले आणि करवत आतल्या पट्टीवर चढली. दात तुटून उडाले. त्याच्या तोंडून जी शिवी निघाली ती थेट महिपतींची होती, शब्दाला शब्द.

मी खांबाला हात घातला. त्याने तो हात धरला आणि पिरगळला. मी आई आहे हे त्याला त्या क्षणी दिसत नव्हते. मनगटातून कट्‌ असे झाले, तरी तो पिरगळतच होता.

पंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत, म्हणून तो त्या दिवशी रिकामा होता. उत्कर्षाने तो आणून आशिषच्या पाठीत घातला, पुन्हा घातला, आणि तो वळल्यावर समोरून घातला. तो खाली पडला तेव्हा तिने मला सांभाळले आणि तवा मात्र हातातच ठेवला. तो तवा मधोमध बसका झाला आहे, त्यावर भाकरी नीट होत नाही. तो उत्कर्षाने मोडीत घालू नये.

तुटक्या दातांची करवत मी आशिषला देते. या घरातून त्याला एवढेच.

(इथे लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवले. उचल म्हटल्यावर उचलले.)

कलम ५. किरकोळ. बँकेतली शिल्लक दोघींनी वाटून घ्यावी. महिपतींच्या फोटोशेजारी माझा फोटो लावू नये, मेल्यावर तरी मला एकटीला राहू द्या. आण्णाला बाजारातून एक चांगला दोर घेऊन द्यावा आणि माझा निरोप सांगावा की तुझ्या नातीचे लग्न झाले आहे, लिंबाला बांध, आणि ती म्हणेपर्यंत सोडू नकोस. कोंडीबांना गिरमिट. खांब कधीतरी कुजतील, तेव्हा लाकूड नवे घालावे, ब्रॅकेट तेच ठेवावेत.

कलम ६. आशिषला वर्षातून एका दिवशी, नागपंचमीला, परसात येण्याची मुभा आहे. त्याने झोक्यावर बसायचे नाही. मागे उभे राहून बहिणीला आणि उत्कर्षाला झोका द्यायचा, त्या बस म्हणाल्या की थांबायचे. उत्कर्षाला तो नको असेल तर फाटक उघडायचे नाही. तिने त्याच्याविरुद्ध तक्रार करायची की नाही हे तिचे ती ठरवेल, त्यात माझी मध्यस्थी नाही. लहानपणी तो मला म्हणायचा, आई, मी मोठा झालो की बाबांना मारीन. ते पोर माझ्या फार आवडीचे होते. ते कुठे गेले हे मला माहीत नाही, पण त्याच्यासाठी मी ही एवढी फट ठेवली आहे.

आता माझा हात. आशिष माझ्या पाया पडायला आला तेव्हा मी त्याला सांगितले, एक तर मी पोलिसांत जाते, नाही तर तू समोर बस आणि मी सांगेन ते सगळे लिही. तो बसला. तेव्हा हे मृत्युपत्र ज्या हाताने लिहिले आहे तो हात आशिषचा आहे. मी गेल्यावर तो कोर्टात जाऊन, आईला समजत नव्हते, असे म्हणू शकणार नाही. माझ्या मनगटात डॉक्टरांनी स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसवले आहेत. आता मीही सहज सुटणार नाही.

लिहिणाऱ्याने आपल्या नावाखाली हात कसा मोडला ते एका ओळीत लिहायचे आहे. मी शाळेत नोकरी केली आहे, वाक्यात कर्ता मागते.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताने सही करते.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

विजयमाला महिपती शिंगटे (सही, डाव्या हाताची)

साक्षीदार:
१. गुरम्मा शिवप्पा बिराजदार, शेजारी (सही)
२. कोंडीबा रामा सुतार (सही)

दस्त लिहिणार: आशिष महिपती शिंगटे

~~आईचा हात मोडला.~~
~~माझ्याकडून आईचा हात मोडला गेला.~~
मी माझ्या आईचा हात मोडला.