ब्याऐंशी हजार किलोमीटर

घोडेगाव, ५ फेब्रुवारी २००३

चि. ऋषीस मामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तुझी मामी चिवडा पाठवते आहे, मित्रांना वाटून उरला तर तूही खा.

आपली जीप भीमाशंकरच्या चढाला फार धापा टाकते. परवा एका म्हातारीने विचारलं, उतरून चालत गेले तर आधी पोचेन का. रामदास मेस्त्री म्हणतो, टर्बो बसवू. इंजिनात जादा हवा कोंबली की जोर वाढतो म्हणे. पण आधी इंजिन उघडून आतली झीज बघायचा त्याचा हट्ट. मी त्याला मीटर दाखवला, ब्याऐंशी हजार. म्हटलं, गाडी माझ्या भाच्याने निवडलेली आहे, तो पुण्यात जुन्या गाड्या विकायच्या धंद्यात आहे. उघडली की आठ दिवस गाडी उभी, आणि महाशिवरात्र तोंडावर. तुझं मत उलट टपाली कळव.

तुझा मामा,
चिमाजी

पुणे, ११ फेब्रुवारी

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

चिवडा पोचला आणि संपलाही. टर्बोची घाई नको असं वाटतं. मेस्त्री उघडून बघतो म्हणत असेल तर बघू द्यावं. अर्थात ब्याऐंशी हजार म्हणजे तसं फार नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात. मामीला नमस्कार.

आपला,
ऋषी

घोडेगाव, ४ मार्च

चि. ऋषीस आशीर्वाद.

न उघडताच टर्बो बसवला. आठ दिवस गाडी अशी पळाली की मी मिशीला पीळ दिला. महाशिवरात्रीला चढावर मोठा आवाज झाला, मागे निळा धूर, आणि गाडी उलटी घसरू लागली. लोकांनी चाकाखाली दगड लावले म्हणून अकरा माणसं वाचली.

पिस्टनला भोक पडलं आहे. रामदास म्हणतो, हे इंजिन लई चाललेलं आहे, मीटर खोटा आहे. माझ्या भाच्यावर आळ घेतो! मी भर बाजारात, त्याच्या बायकोसमोर, त्याला लबाड म्हणालो. आता त्याच्याकडे कोणी गाडी नेत नाही. तू येऊन चार लोकांसमोर खरं काय ते सांग, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.

तुझा मामा,
चिमाजी

पुणे, ९ मार्च

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

रामदास खरं बोलतो. गाडी दोन लाख नव्वद हजार चालली होती. मीटर मी माझ्या हाताने मागे फिरवला. आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गाडीचा मीच फिरवतो. तुम्ही गाडी घ्यायला आलात तेव्हा तिचा मीटर आधीच फिरवलेला होता. मीटर बघून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, मग माझ्याने खरं सांगवलं नाही. फेब्रुवारीत तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी तोच आकडा लिहिला. अकरा माणसं, मामा. स्वतःची शरम वाटते. हे पत्र कोणालाही दाखवा.

आपला अपराधी,
ऋषी

घोडेगाव, १५ मार्च

ऋषीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

मी रामदासच्या दुकानात गेलो. ज्यांच्यासमोर त्याला लबाड म्हणालो होतो, त्यांना बोलावून तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि त्याचे पाय धरले. त्याने मला उठवून चहा पाजला. तो चहा गिळताना जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती.

मग जमलेल्यांतल्या गेणभाऊंनी विचारलं, पत्र कोणाचं. पत्रातला ‘मामा’ मी वाचताना गाळला होता, खालचं नावही. म्हणालो, पुण्याच्या एका दुकानदाराचं. भाच्याचं म्हणायला जीभ रेटेना. घरी येऊन कळलं, तू मीटर फिरवलास आणि मी पत्र.

येत्या बाजाराच्या दिवशी ये. आधी घरी नाही, रामदासच्या दुकानात. नाव तू सांग. तू सांगितलंस, की मग ‘हा माझा भाचा’ हे मी सांगेन. मामीला अजून काही माहीत नाही, ती तुझ्यासाठी चिवड्याचे पोहे भाजते आहे.

लोभ आहे, म्हणूनच बोलावतो.

तुझा मामा,
चिमाजी