शिडाच्या दोराची गाठ

प्रिय वैभवी,

आपल्या बोटीत माझ्या हातचं काय काय आहे, ते आधी लिहितो. चौदा फुटी सांगाडा, सागाचा. त्यावर सहा मिलीचं प्लाय. पिवळ्या ताडपत्रीचं शीड, शिवण दुहेरी. डोलकाठी, सुकाणू, दोन वल्ही. पितळी स्क्रू तेवढे इतवारी बाजारातले, तीनशे बारा. पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवलं नव्हतं, हे मी येईल त्याला ऐकवायचो, आणि तू मागे उभी राहून तोंड वाकडं करायचीस.

आई बरी आहे. खांदा थंडीत दुखतो. परवा तिनं तिळाचे लाडू डब्यात भरले आणि पुन्हा काढून ठेवले. म्हणाली, 'बुटीबोरी का परदेशात आहे? पोरगी दोन वर्सं झाले इथं जेवली नाही.'

धरणातल्या बेटावर आपण रविवारी जायचो. आई डबा घ्यायची, सुकाणू तुझ्याकडे, शिडाचा दोर माझ्याकडे. मीच फळीवर लाल रंगानं लिहिलं होतं: दोर हातात धरायचा, बांधायचा नाही. जोराचा वारा आला की दोर सोडायचा, शीड सैल पडतं, बोट सरळ होते. त्या दिवशी बेट पन्नास फुटांवर असताना टेकडीकडून वारा आला आणि बोट उलटली. आई शिडाखाली अडकली. मी बोटीची कड धरून नुसते आकडे मोजत होतो. तू तरंगायचं जाकीट काढून बुडी मारलीस. बावीसला तिला वर आणलंस.

मासे धरणाऱ्या ढिवरांनी आपल्याला काठावर आणलं. एकानं विचारलं, 'काहून उलटली गा?' मी म्हटलं, 'पोरीचं सुकाणू चुकलं.' तू आईचा पदर पिळत होतीस. हात थांबले, मग पुन्हा पिळायला लागलीस. पुढे तेच मी शेजाऱ्यांना सांगितलं, आईलाही सांगितलं. तू बुटीबोरीत खोली घेतलीस. म्हणालीस, कंपनी जवळ पडते.

वरच्या यादीत एक गोष्ट लिहायची राहिली. ती गाठही माझ्याच हातची. आईनं नरखेडचं संत्रं दिलं. सोलायला दोन्ही हात लागतात, म्हणून मी दोर खुंटीला बांधला. वारा आला तेव्हा गाठ सुटेना. तू सुकाणू बरोबर वळवलं होतंस वं. मी पाहिलं होतं.

बेटावर पर्यटक नेणारे मार्तंडराव बोट विकत घ्यायला मंगळवारी आले. बोट ठोकून पाहिली, पसंत केली. म्हणाले, 'उलटली होती म्हणे. बोटीत दोष नाही, पोरीच्या चुकीनं उलटली, एवढं लिहून सही करून द्या.' पेन माझ्याच खिशात होतं. दोन वर्षं तोंडानं सांगत आलो, ते कागदावर उतरेना. आज सकाळी आईला खरं सांगितलं. तिनं माझ्याकडे न पाहता लाडू पुन्हा डब्यात भरले, या पत्रासोबत तो डबा तेवढा दिला. मार्तंडरावांना मी नाही म्हणून कळवलं. त्या सहीसकट बोटीचे ते एक लाख चाळीस हजार देत होते.

तुझाच,
बाबा