गिरणीवरचा नंबर

तासगाव
६ मार्च २०२५

चि. हिंदुराव यास मुक्ताआक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

बहीण फोन का उचलत न्हाई म्हणून तू शेजारच्या रविराजला सारखा पिडतोयस, ते कळलं. मी ठणठणीत हाय. फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात घातलाय, वर झाकण लावलंय आन झाकणावर वजनाचा दगड ठेवलाय. कारण सांगते, म्हंजे परत इचारायचं काम नको.

कंपनीची कोण एक बाई हाय. दिसभर फोन करती आन गोड आवाजात सांगती, की आपल्या शुगरच्या गोळ्या संपत आल्यात. जरा वेळानं परत, आपलं सांधेदुखीचं मलम संपत आलंय. काल तर म्हणाली, बाळाच्या दुधाची पावडर घ्यायची वेळ झाली. मला! ह्या वयात! मी तिला सरळ सांगितलं, की बाई, माझ्या जिवाला दोनच रोग हायत, एक गिरणीचा पट्टा आन दुसरा माझा भाऊ. तर ऐकूनच घेत न्हाई. आपलं म्हणणं पुरं करती आन ठेवून देती. लय उद्धट. म्हणून आता पत्र. पत्राचं बरं असतं, आपल्या टायमाला वाचावं आन नको वाटलं तर घडी घालावी.

आता कामाचं. तुझी पोर माया माझ्यापाशी राहून ज्या मेडिकलात फार्मासिस्ट हाय, ते बंद पडायची भाषा चाललीय. गिरणीच्या दारातनं रस्ता वलांडला की त्यांचं काउंटर. ह्या कंपनीची म्हणे राज्यभर दुकानं हायत, आन जिथं गिऱ्हाईक न्हाई तिथलं शटर कायमचं वढायचं ठरलंय. परवा पुण्यास्नं साहेब आला. काडीसारखा पोरगा, बूट मातर असले चकचकीत, की त्यात माझी गिरणी दिसत हुती. त्यानं कॉम्प्युटरात बघितलं आन म्हणाला, ह्या दुकानाला गिऱ्हाईकच न्हाई. दारात माणसं उभी, साहेबाच्या पाठीला त्यांच्या पिशव्या घासतायत, आन ह्याला गिऱ्हाईक न्हाई! मी दळण तसंच सोडून तिकडं गेले आन इचारलं, ही माणसं काय तुला भुतं वाटली का? तर म्हणतो, मावशी, कंपनीला कॉम्प्युटरातलीच माणसं दिसतात.

तवापासनं माया धड जेवंना. दुकान गेलं तर तिला कुठं लांब धाडतील, न्हाईतर घरी बसवतील. मला काय, माझं मी राहीन. आधी एकटी हुतेच की. फक्त दोघींच्या भाकरीची सवय लागलीय, एकटीचं पीठ मळायचा अंदाज आता चुकतो, एवढंच.

मायाच्या आईला आन तुझ्या पोराला, कपिलला इचारलं म्हणून सांग. लोभ हाय तेवढा ठेव, वाढवायची घाई न्हाई.

तुझी,
मुक्ताआक्का


सातारा
११ मार्च २०२५

ती. मुक्ताआक्काच्या सेवेशी, धाकट्या हिंदुरावचा कडक सॅल्यूट आणि सविनय जय भीम.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि खाली बसून संपवलं. कारण कपिलनं ऐकलं आणि तो म्हणाला, की फोनवरची ती बाई म्हणजे बाई नव्हेच, मशीन आहे. आणि ते मशीन कुणालाही फोन करत नाही. ज्याच्या नावावर औषधं घेतलेली असतात, त्यालाच करतं.

आक्का, आता खरं सांग. तुला काय काय झालंय? शुगर आहे? सांधे धरलेत? आणि हे तू सख्ख्या भावापासून लपवलंस? बाळाच्या पावडरीपाशी मात्र माझं डोकं चालेना, पण माणसाला अन्न पचेनासं झालं की डॉक्टर काहीही सांगतात, असं मायाची आई म्हणाली. तेव्हापासून घरात कुणाचं चित्त थाऱ्यावर नाही. फौजेत चोवीस वर्षं काढली, एवढा कधी घाबरलो नव्हतो.

मेडिकल बंद होत असेल तर होऊ दे, बरंच झालं. इथं एका दवाखान्याच्या औषध काउंटरवर मी मायासाठी शब्द टाकलाय. घरापासून चालत जाता येतं. एक तारखेपासून ये म्हणतात. तिला अजून बोललो नाही. तू सांग, तुझं ती ऐकते. आणि एवढी आजारी असशील तर गिरणीला कुलूप लाव आणि तूही इकडं ये. मागची खोली रिकामी आहे, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. याला विनंती समजू नकोस, ऑर्डर समज.

तुझ्या रागासकट तुझा लोभ असाच राहावा.

तुझा आज्ञाधारक (असा तूच केलेला),
हिंदुराव


तासगाव
१६ मार्च २०२५

चि. हिंदुराव यास अर्धा आशीर्वाद. उरलेला तुझं डोकं ठिकाणावर आल्यावर.

मला काय बी झालेलं न्हाई. ऑर्डर तुझ्या पलटणीला दे. तुझं पत्र मायापुढं टाकलं आन इचारलं, माझ्या नावावर औषधं कोण खातंय? ती वाचता वाचता हसाय लागली. हसता हसता खाली बसली. मग एकदम तोंडावर हात ठेवून म्हणाली, आत्या, आपलं दुकान त्यामुळंच बुडतंय.

झालंय ते असं. ह्या मेडिकलात मोबाईल नंबर दिल्याबगार बिलच निघत न्हाई. आता आपल्या म्हाताऱ्या माणसांला कुठला आलाय नंबर पाठ? आन माझ्या गिरणीच्या भितीवर काय लिव्हलंय? मुक्ता गिरणी, शाळू, गहू, डाळ दळून मिळेल, आन खाली हातभर आकड्यांत माझा नंबर. काउंटरवर उभं राहिलं की दारातनं सरळ दिसतो. नंबर इचारला, की माणूस मान वळवतो आन भितीवरचा वाचून दाखवतो. ज्याला वाचता येत न्हाई तो बोट दाखवतो. माया येण्याआधीपासनं हे चाललंय. तिलाबी त्यात काय वावगं वाटलं न्हाई, म्हणाली, आत्याचाच नंबर हाय, म्हाताऱ्यांला कशाला ताटकळत ठेवायचं.

म्हंजे बघ. कंपनीच्या लेखी तासगावच्या ह्या दुकानाला एकच गिऱ्हाईक. ती मी. मला शुगर हाय, मूळव्याध हाय, दमा हाय, खरूज हाय, आन त्यातनंबी मी गरोदर हाय.

चोवीस तारखेला, सोमवारी, साहेब परत येणार आन शटरचा निकाल लावणार. माया म्हणाली, ज्याचा त्याचा नंबर कॉम्प्युटरात घातला तर माणसं दिसतील. पण तिनं गोडीनं सांगितलेलं कोण ऐकतंय? मग मी गिरणीवर पाटी लावली. आधी नंबर, मग दळण. समोर जाऊन आपला नंबर लिव्हून या, न्हाईतर डबा घेऊन घरी जा.

काय सांगू तुला, ज्यांनी माझ्या नावावर सगळे रोग खपवले त्यांनीच भांडण काढलं! नानासो म्हणाले, माझ्या नंबरवर फोन आला तर पोराला कळंल, की मी गोळ्या घेऊन वर आमरस खातोय. रंगूबाई म्हणाली, सून इचारंल एवढं मलम कुठं जातंय, तुझ्या नावावर बरं हुतं की, तुला इचारणारं कोण हाय? हे मातर मला झोंबलं. तिचा शाळूचा डबा मी पार दाराभायेर ठेवला. संध्याकाळी आली गुमान नंबर देऊन.

साताऱ्याच्या नोकरीचं मी मायाला सांगितलं. तिनं मला इचारलं, तुला काय वाटतं? मी म्हणाले, मला काय वाटायचंय. तवापासनं घरात पंखा तेवढा बोलतोय.

आन तुझ्या भित्र्या पत्रापायी तिनं माझ्या दंडाला तो बी.पी.चा पट्टा बांधला. आकडा बघून म्हणाली, मशीन बिघडलेलं दिसतंय, परत बघू. बघ, तुझ्यामुळं एक मशीन गेलं.

हितं कुणी मरत न्हाई, तवा घाबरू नको आन माया पातळ करू नको.

तुझी निरोगी,
मुक्ताआक्का


सातारा
२० मार्च २०२५

ती. आक्कास सविनय जय भीम.

गरोदरपणाबद्दल अभिनंदन. मायाची आई डोहाळजेवण करायचं म्हणते. मी तुझं पत्र सगळ्या कॉलनीत वाचून दाखवलं, तेव्हा आता इथं यायचीच तर तोंड लपवून ये.

आता थट्टा बाजूला. मायाशी फोनवर बोललो. ती ना हो म्हणाली, ना नाही. एवढंच म्हणाली, की तिथं माणसं तिला नावानं हाक मारतात, आणि आत्याला रात्री जेवताना कुणाशी तरी भांडायला लागतं. मी बाप आहे, पोर डोळ्यांपुढं असावी असं मला वाटणारच. दवाखानेवाले महिनाअखेर थांबतील.

तू जगाला तोंडावर बोलतेस, आक्का. या एकाच गोष्टीत मला काय, माझं काय, असं चाललंय तुझं. तुला ती तिथं हवी आहे का, ते सरळ लिही. मग मी ठरवतो.

उत्तराची वाट बघणारा,
हिंदुराव


तासगाव
२६ मार्च २०२५

चि. हिंदुराव यास पुरा आशीर्वाद. मागचा अर्धाबी ह्यातच धर.

साहेब सोमवारी आला. हातात कागदात गुंडाळलेला डबा आन पुठ्ठ्याचं प्रशस्तिपत्र. कॉम्प्युटर उघडला आन घाबराघुबरा झाला. मायाला म्हणाला, ही मुक्ताबाई कुठली? जिल्ह्यात हिच्याएवढं इमानी गिऱ्हाईक न्हाई, म्हणून कंपनीनं बक्षीस धाडलंय, आन ह्या हप्त्यात हिनं एक गोळीसुद्धा घेतली न्हाई. बाई गेली का काय? मायानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. मी दळत हुते. डोक्यापासनं पायापर्यंत पिठानं पांढरी. ते ध्यान बघून साहेबानं खरोखरीच दोन पावलं मागं घेतली.

मग त्याला समदं सांगितलं. आधी त्याला राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. शेवटी मी त्याला बाकड्यावर बसवला, च्या दिला आन एकेकाला त्याच्यापुढं उभं केलं. हे दम्याचे. ही मूळव्याध. ही गरोदर, आन हा तिचा नवरा, ह्यो लाजतोय. नानासोंनी तर आपल्या गोळ्यांची नावं पाढे म्हटल्यागत म्हणून दाखवली. साहेबानं कॉम्प्युटरातली नावं बघितली, बाकड्यावरची माणसं बघितली आन म्हणाला, की शटर आता वढत न्हाई. पण पुढं काय ते दिवाळीला बघू. कंपनीचा काय भरवसा न्हाई, हे त्यानंच सांगितलं. तेवढा खरेपणा बघून मी त्याला जाताना शाळूचं पीठ दिलं.

पण हिंदुराव, एक बोलला तो. फार्मासिस्ट असल्याबगार मेडिकल उघडताच येत न्हाई. कायदाच हाय तसा. आन हितं यायला दुसरं कोण तयार न्हाई. माया गेली, की शटर आपोआप खाली.

आता तू इचारलंस त्याचं उत्तर. मी आधी लिव्हणार हुते, की दुकानासाठी पोरीला राहू दे, गल्लीसाठी राहू दे. लिव्हून खोडलं. पोर मला पायजे. सकाळी तिच्या चपला दारात दिसल्या, की मला गिरणी चालू करू वाटती. झालं समाधान? परत लिव्हाय लावू नको.

आन दुसरं. मशीन बिघडलेलं नव्हतं. मायानं परत बघितलं, मग डॉक्टरांकडं नेलं. बी.पी. निघालं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच दिसांचं असंल, रोज गोळी घ्या, मीठ कमी करा आन चिडू नका. पहिली दोन जमतील, असं मी सांगितलं. गल्लीचे समदे रोग माझ्या नावावर, आन माझाच तेवढा कुणाच्या नावावर नव्हता. लगेच गाडी धरून येऊ नको. आलास तर दळायला बसवीन.

बक्षिसाच्या डब्यात वजनकाटा निघाला. तो रंगूबाईला दिला. तिच्यावर माझा अजून थोडा राग हाय.

तुझी,
मुक्ताआक्का


सातारा
३१ मार्च २०२५

ती. आक्कास जय भीम.

एवढी एक ओळ लिहायला तुला बी.पी. व्हावं लागलं. दवाखान्यात नाही म्हणून सांगून आलो. मायाची आई थोडी रडली, मग तिनंच मायाच्या आवडीचं तिखट बांधायला घेतलं. दोन बरण्या आहेत, मीठ बेताचं आहे, तुझ्यासाठी.

माया राहील. माझी अट एकच. फोन डब्यातून बाहेर काढ आणि वाजला की उचल. चौदा एप्रिलला आम्ही सगळे तिकडं येतोय. त्या दिवशी गिरणी बंद ठेव, ही पुन्हा ऑर्डर.

पोरीवर आणि स्वतःवर सारखाच जीव ठेव.

तुझा,
हिंदुराव


तासगाव
२५ एप्रिल २०२५

चि. हिंदुराव यास आशीर्वाद आणि जय भीम.

तुमी गेल्यापासनं घर लय मोठं झालंय. कपिलचा एक मोजा हितं राहिलाय, तो धुऊन ठेवलाय.

तुझ्या अटीपरमानं फोन डब्यातनं काढला. झटकला तरी बटणांतनं अजून पीठ येतंय. भितीवरचा नंबर मातर पुसला न्हाई, खाली रंगानं लिव्हून घेतलं, फक्त दळणासाठी. आता दिसभर फोन वाजत न्हाई. पयले दोन दिस बरं वाटलं. मग बंद पडला का काय म्हणून मीच मायाला सारखा लावून बघाय सांगितला.

काल वाजला. तीच बाई. म्हणाली, आपल्या बी.पी.च्या गोळ्या संपत आल्यात. उठून बघितलं तर खरंच संपत आल्या हुत्या. एवढ्या दिसांत पयल्यांदाच ती माझ्याशी बोलत हुती. मी गिरणी थांबवली, पुरं ऐकून घेतलं आन तिला इचारलं, जेवलीस का?

रस्त्यापलीकडं माया काउंटरला धरून हसत हुती. हसू दे. मशीन असली म्हणून काय झालं, आठवण करती.

आजची गोळी घेतलीय. तू फोन कर, पण दळणाच्या टायमाला नको.

तुझी,
मुक्ताआक्का