टपावरचे पोचे

मंगळवार, ६ जानेवारी. बोरगाव मेघे

पुण्याहून, लेकीकडून, एकटी गाडी चालवत घरी आले. सकाळभर धुकं, कारंजाजवळ गारा. टपावर अशा आदळल्या की पेट्रोल पंपावर थांबून रडले. हे दिराला सांगायचं नाही.

त्याने आल्या आल्या टपावरचे पोचे बघितले. "वहिनी, ड्रायव्हर पाठवतो म्हटलं होतं नं मी, काऊन नाई ऐकलं? दादा असता तर जाऊ दिलं असतं काय तुमाले?"

नसतं दिलं. हे होते तोवर मी बाजूच्या सीटवरच बसले, लायसन्स पर्समध्ये ठेवून.

म्हणतो, उद्याच पोचे काढून घ्या. कशाला? राहू देत. होळीला पुन्हा पुण्याला जाणार आहे. एवढी काळजी वाटत असेल तर त्याने सोबत यावं. बाजूची सीट रिकामी आहे.