मर्लचा हातमोजा मर्लला

मी, लोवेल ऑगस्ट हॅव्हरकॅम्प, राहणार क्लियर फोर्क, आयोवा, धंदा ट्रॅक्टरदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या डाव्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी भरीस घातलेले नाही. बुद्धी शाबूत आहे. मनही स्वस्थ आहे असे लिहिण्याची पद्धत आहे, पण ते खोटे ठरेल. येत्या मंगळवारी ओमाहाच्या रुग्णालयात माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत आणि मी अतिशय घाबरलो आहे.

१. राहते घर, मागची शेड आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी जोलीन हिला. घर गरम ठेवणारी भट्टी दर हिवाळ्यात रुसते. तिला डाव्या अंगाने लाथ घालावी. जोर लागत नाही, फक्त राग लागतो, आणि तो जोलीनकडे पुरेसा आहे.

२. सर्व हत्यारे मुलगी टॅमरा हिला. जावई कर्टिस याने त्यांना हात लावू नये. तो पान्याने खिळे ठोकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माणूस मनाने चांगला आहे, म्हणून मासेमारीची होडी त्याला. ती बुडवणे त्याला जड जाणार नाही.

३. माझ्या अंत्यविधीला कोणी बेसबॉलच्या आठवणी सांगू नयेत. आमच्या कॉलेजचे प्रशिक्षक हार्लन व्हिटेकर हयात असून आल्यास त्यांना बटाट्याचे सॅलड द्यावे, बोलायला उभे करू नये.

४. याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे. १९७९ च्या मोसमात आमचे लहानसे कॉलेज कोणाच्या ध्यानीमनी नसताना ओमाहाच्या अजिंक्यपद स्पर्धेपर्यंत पोहोचले. उपांत्य सामन्यात चेंडू मी टाकत होतो आणि मर्ल ओस्टेंडॉर्फ झेलत होता. सहा डाव झाले तरी समोरच्या एकालाही माझा चेंडू धड मारता आला नव्हता. अशा वेळी आमच्यात रीत अशी की चेंडू टाकणाऱ्याशी चकार शब्द बोलायचा नाही, त्याच्या जवळ बसायचे नाही, नाहीतर दृष्ट लागते. त्यानेही तोंड उघडायचे नाही.

सातव्या डावात खांद्यात काहीतरी फाटले. कसाबसा डाव संपवून मी बाकाच्या टोकाला येऊन बसलो, तेव्हा उजव्या हाताची बोटे मला माझी वाटत नव्हती. सगळा संघ दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसला होता. व्हिटेकर आकाश बघत होते. मर्ल आपल्या बुटांकडे बघत होता. मला वाटत होते, कोणीतरी एकदा विचारावे, काय रे, काय होतंय? कोणी विचारले नाही. मी पुन्हा मैदानात गेलो आणि तिसऱ्या चेंडूला हात खाली लोंबकळला तो कायमचा. सामना गेला, पुढचे खेळणेही गेले. हात गेल्याचे मी पचवले. त्या बाकावरची भीती मात्र तशीच राहिली, आणि त्या शहरात मी पुन्हा पाऊल टाकले नाही.

आता घरात तोच बाक मांडला आहे. जोलीन टीव्हीचा आवाज वाढवते. टॅमरा फोनवर गवत कापायच्या यंत्राबद्दल बोलते. मर्ल इतकी वर्षे रोज सकाळी माझ्या शेडमध्ये कॉफी प्यायचा. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून त्याची गाडी न थांबता पुढे जाते. सगळे जपतात, नाट लागू नये म्हणून, हे मला कळते. पण मी पुन्हा टोकाला एकटा बसलो आहे.

~~५. त्या सामन्यानंतर मर्लने आपला झेलायचा हातमोजा कचऱ्याच्या पिंपात फेकला. तो मी डाव्या हाताने बाहेर काढला. दर वसंतात तेल लावून मऊ ठेवला आहे. तो मर्ल ओस्टेंडॉर्फला द्यावा.~~

६. वरील पाचवे कलम मी आज खोडले आहे. वकीलबाई इडा क्रॅमर यांच्या कचेरीत साक्षीला दुसरा माणूस मिळेना, म्हणून त्यांनी शेजारच्या न्हाव्याकडून मर्लला अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बोलावून आणले. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायची गरज नसते. मर्लने वाचले.

“तेल लावत होतास? इतकी वर्षं?” तो म्हणाला.

“चामडं तडकतं, गाढवा.”

“सातव्या डावातच मला कळलं होतं, लोवेल. चेंडूत जीवच राहिला नव्हता.”

“मग बोलला का नाहीस?”

“दृष्ट लागेल म्हणून.”

वकीलबाई म्हणाल्या, “ओस्टेंडॉर्फ, ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. मी दुसरं कोणी बघते.”

“दुसरं कोणी कशाला?” मर्ल म्हणाला. “खोड ते कलम, लोवेल. हातमोजा नको मला. बाई, सही कुठे करू सांगा.”

सबब हातमोजा कोणालाही दिलेला नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली आहे.

ठिकाण: क्लियर फोर्क, आयोवा
दिनांक: ७ जून २०२४, शुक्रवार

(सही) लोवेल ऑ. हॅव्हरकॅम्प

साक्षीदार १: व्हर्ना टीटजेन, पोस्टात नोकरी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: मर्ल ओस्टेंडॉर्फ. सही माझ्यासमोर झाली. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि विचारले, लोवेल, भीती वाटते का. तो हो म्हणाला. मंगळवारी गाडी मी चालवणार आहे.